डांबरातल्या चपला

संघपाल पेंटरने आयुष्यात एकदाच वाहतुकीचा दंड भरला. भरताना तो इतका खूश होता, की पावती फाडणाऱ्या हवालदाराला वाटलं, हा माणूस आपली चेष्टा करतो आहे. पण चेष्टा संघपालला जमत नाही. त्याला दोनच गोष्टी जमतात: सरळ रेघ ओढणं आणि सायकल चालवणं. आमच्या अमरावतीत या दोन्हींची किंमत आता सारखीच उतरली आहे.

वय छप्पन्न. अंगाने काटकुळा, उजव्या कानावर पेन्सिल, नखांत पांढरा रंग कायमचा. आमच्या शाळेच्या भिंतींवर पाढे त्यानेच रंगवले होते. सतरा नव्वे एकशे त्रेसष्ट असं काहीतरी त्याला कुणी लिहून दिलं होतं, तेव्हा ब्रश खाली ठेवून तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सर, हे बरोबर हाय का? एकडाव भितीवर गेलं का लेकरं खरंच समजतीन." त्या दिवसापासून मी त्याला ओळखतो. जे भिंतीवर जातं ते लोक खरं मानतात, हे ज्याला कळतं तो माणूस जपून काम करतो. ज्याला कळत नाही तो साहेब होतो.

सायकलच्या दांड्याला शिडी बांधलेली, हँडलला दोन डबे. अशा अवस्थेत तो रोज सकाळी राजापेठेतून जातो. तिथे ट्यूशन सुटण्याच्या वेळी सायकल चालवणं म्हणजे काय, हे ज्याने केलं नाही त्याला सांगून उपयोग नाही. मान खांद्यावर टाकून, कान आणि खांदा यांच्यात मोबाइल दाबून येणारे लोक. हेल्मेट कोपरात अडकवलेलं, जणू डोकं कोपरातच असतं. उलट्या बाजूने येणारा आपल्यालाच 'दिसत नाही का' म्हणून विचारतो. यांतल्या कितीतरी जणांना मी नागरिकशास्त्र शिकवलं. 'रस्त्यावर पहिला हक्क कुणाचा?' या प्रश्नाला 'पायी चालणाऱ्याचा' असं उत्तर लिहून त्यांनी माझ्याकडून पूर्ण गुण घेतले. आता ते गुण परत मागण्याची सोय नाही.

त्या भागात एक प्राथमिक शाळा आहे. समोर दुपदरी रस्ता, मधोमध कमरेएवढा सिमेंटचा दुभाजक. शाळेच्या फाटकासमोर दुभाजकाला एक फट आहे, दोन खाटा मावतील एवढी. पलीकडच्या वस्तीतली मुलं, भाजीवाल्या, दवाखान्यात जाणारे म्हातारे, सगळे त्या फटीतूनच येतात-जातात. आणि जाईबाई.

जाईबाई शाळेत खिचडी शिजवते. साठी ओलांडलेली बाई. हातभर लांबीचा लोखंडी पळा रोज घरी घेऊन जाते आणि सकाळी घेऊन येते, कारण एकदा तो चोरीला गेला होता. सकाळी सव्वादहाला ती फटीत उभी राहून पळा वर करते, आणि वस्तीतली मुलं तिच्या मागून रस्ता ओलांडतात. लाल दिव्याला न थांबणारे लोक त्या पळ्याला थांबताना मी पाहिले आहेत. कायद्याची भीती नाही, पण गाडीवर ओरखडा पडण्याची आहे.

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात त्या रस्त्यावर नवं डांबर पडलं आणि पादचाऱ्यांसाठी पांढरे पट्टे मारायचं काम निघालं. ज्या कचेरीचं ते काम, तिचं नाव मी लिहीत नाही. नाव लिहिलं की ती आहे त्याहून मोठी वाटायला लागते. ठेकेदाराने पट्ट्यांसाठी संघपालला बोलावलं. पांढरी पूड भट्टीत वितळवून रस्त्यावर ओतायची आणि गरम असतानाच वरून काचेची बारीक पूड शिंपायची, हे काम तो अकोला-अकोट रस्त्यावर शिकला होता. असा पट्टा एकदा बसला की चार-पाच वर्षं हलत नाही. म्हणून त्याची एक पद्धत आहे. रंग वितळवण्याआधी तो दोन दिवस नुसती जागा पाहतो.

मेच्या दुपारी आपल्याकडचं डांबर कसं होतं ते सांगायला नको. नवं डांबर तर लोण्यासारखं. संघपालने उकिडवं बसून पाहिलं, तर दुभाजकाच्या फटीसमोर शेकडो चपलांचे ठसे उमटलेले. लहान, मोठे, टाच झिजलेले, अंगठा तुटलेल्या चपलेचे. फटीपासून शाळेच्या फाटकापर्यंत काळी पाऊलवाट तयार झालेली. त्याने खडूने त्या वाटेच्या दोन्ही कडा आखल्या. मोजायलाही लागलं नाही, पट्ट्यांना हवी तेवढीच रुंदी भरली.

मग कचेरीचा अभियंता आला. त्याचं नाव गजेंद्र. तोही माझाच विद्यार्थी. भूमितीत हुशार. प्रमेय पाठ म्हणायचा, पण आकृती उलटी काढून दिली की गोंधळायचा.

"हे खडूचं काय करून ठेवलं, पेंटर?"

"साहेब, लोकं अठून जाते. पाहा ना, डांबरच सांगून राहिलं."

गजेंद्रने ठशांकडे पाहिलं आणि बूट मागे घेतला, डांबर लागेल म्हणून. मग नकाशा उघडला. "पट्टे तिकडे आहेत. खांबाजवळ."

खांब साठ पावलं पुढे होता. त्यावर कॅमेरा बसलेला होता.

"तठी तं दुभाजकाले फट नाही साहेब. पट्टे भितीले जाऊन टेकतीन."

"टेकू दे. कॅमेरा तिथं आहे ना. पट्ट्यावर गाडी थांबली की फोटो निघते, दंड लागते. फटीसमोर पट्टे मारले तर कॅमेऱ्याले काय दिसन?"

"पन मानसानं कुठून जावं?"

"फट बंद करू पुढं-मागं. तू नकाशा पाह्य ना भाऊ. डांबर पाहून पट्टे मारत असते काय कोणी?"

संघपाल मला नंतर म्हणाला, "सर, मी तठीच चुकलो. मी हो म्हनलो." मी त्याला समजावलं की तू नाही म्हटलं असतंस तर दुसऱ्याने मारले असते. त्याने मान हलवली. "दुसऱ्यानं मारले असते तं ते माहे नसते."

पट्टे मारले गेले. सुंदर मारले, ते त्याला टाळताच येत नाही. एका बाजूच्या फुटपाथपासून निघून दुभाजकाच्या भिंतीला धडकले, आणि भिंतीच्या पलीकडून पुन्हा निघून दुसऱ्या फुटपाथला पोचले. उद्घाटन झालं. सुरक्षिततेवर भाषण झालं. फोटोसाठी दोन साहेबांनी हात वर करून पट्ट्यांवरून चालून दाखवलं आणि भिंत आली तसे वळून परत आले. फोटोत अर्धाच रस्ता होता. पेपरात खाली लिहिलं होतं, 'आता पादचारी निर्धास्त'.

जूनच्या शेवटी शाळा उघडल्या. जाईबाई पळा घेऊन फटीतूनच आली. मुलंही. कारण साठ पावलं जाऊन भिंत चढण्याएवढी ती अजून सुशिक्षित नव्हती.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, भर दुपारी, खिचडीला मिरच्या कमी पडल्या म्हणून ती पलीकडे गेली. हातात पिशवी होती, पळा चुलीवर होता. परत येताना फटीतून बाहेर पाऊल टाकलं आणि उलट्या बाजूने आलेल्या मोटारसायकलने तिला उडवलं. पाय दोन ठिकाणी मोडला. मोटारसायकलवाला थांबला, एवढं त्याच्या बाजूने लिहिलं पाहिजे. थांबून त्याने आधी गाडीचा आरसा पाहिला.

चार दिवसांनी पोलिसांचा कागद झाला. तो जाईबाईच्या मुलीने, पौर्णिमाने, वाचून दाखवला. त्यात उलट्या बाजूचा उल्लेख नव्हता. एक ओळ मात्र ठळक होती: 'सदर महिला, जवळच पादचारी पट्टे उपलब्ध असताना, ते सोडून भलत्याच ठिकाणाहून रस्ता ओलांडत असल्याने.'

संघपाल खाटेजवळ बसला होता. जाईबाईने पौर्णिमाला ती ओळ दोनदा वाचायला लावली.

"म्हंजे मी चुकली?"

"कागदात तसंच हाय आई."

"मले पैसे नको, काई नको. त्या पोट्ट्यालेबी माफ. पन मी चुकली म्हनून लिहू नोका म्हना त्याईले." ती उठून बसायला बघत होती. "बावीस वरसं झाले, मी लेकराईले सांगून राहिली, माह्या मांगून या, अठूनच या. आता कोनी म्हनन, बाई लेकराईले चुकीच्या जाग्यावरून नेत होती. उद्या एखाद्या लेकराले लागलं तं?"

जवळ उपलब्ध असलेले ते पट्टे संघपालच्या हातचे होते.

दुसऱ्या दिवशी तो धुतलेला सदरा घालून पोलीस चौकीत गेला. मीही सोबत होतो, पण मला कुणी काही विचारलं नाही. फौजदार तरुण होते, टेबलावर काच, काचेखाली स्वतःचाच फोटो.

"साहेब, ते पट्टे मीच मारले. चुकीच्या जाग्यावर मारले. चूक लिहाचीच असन तं माही लिहा."

"तू कोण?"

"पेंटर."

फौजदारांनी कागद उलटसुलट करून पाहिला. "चालक आहे, पादचारी आहे, साक्षीदार आहे. पेंटरचा रकाना नाही याच्यात."

"मंग बाईचा काहून भरला?"

"कारण बाईचा रकाना आहे." त्यांना यात काहीच वावगं वाटलं नाही. "हे पाहा काका, सरकारी नकाशात ओलांडायची जागा एकच. ती सोडून बाकी सगळी भलतीच. तुमच्याजवळ दुसरा काही सरकारी कागद असेल तर आणा."

"डांबरावर लोकाईचे ठसे हायत साहेब. म्या फोटो काढला."

"डांबराची साक्ष घेऊ?" फौजदार हसले. मागे उभे असलेले दोघेही हसले. त्यातल्या एकाला मी आठवीत निबंध लिहायला शिकवलं होतं. तो जास्त हसला.

जाईबाई खाटेवर असल्यामुळे मुलं सकाळी एकटी रस्ता ओलांडायला लागली. तिला याचा घोर. तिने संघपालला पळा दिला. पण पळा वर करून उभं राहायची त्याला लाज वाटे, आणि त्याच्यात तिची जरबही नव्हती. मग त्याला सुचलं. सव्वादहाला तो सायकल फटीसमोर आडवी लावायचा, शिडीसकट. शिडी बारा फुटांची. अर्धा रस्ता बंद. तीन मिनिटांत मुलं पलीकडे. मग सायकल सरळ.

त्या तीन मिनिटांत त्याला काय काय ऐकावं लागलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. वरच्या पट्टीतले हॉर्न, खालच्या पातळीचे शब्द. "रस्ता तुह्या बापाचा हाय का?" हा त्यातला सगळ्यात सभ्य प्रश्न. यावर तो रोज तेच सांगे, "नाई जी, लेकराईचा हाय." तीन मिनिटं वाया गेल्याबद्दल चडफडणारी हीच मंडळी पुढच्या पानठेल्यावर अर्धा तास उभी असायची.

तीन आठवडे असं चाललं. मग एके सकाळी त्या तीन मिनिटांत एका मोठ्या साहेबांची गाडी अडकली. अर्ध्या तासात हवालदार हजर झाले. त्या रस्त्यावर कधी न दिसणारा कायदा शेवटी आला, तो सायकलवाल्याला पकडायला.

हवालदारांचं नाव नत्थुजी. निवृत्तीला आठ महिने, पोट पट्ट्याच्या पुढे, पण अक्षर मोत्यासारखं. त्यांना स्वतःच्या अक्षराचा अभिमान होता आणि ते दाखवायची संधी दंडाच्या पावतीचं मशीन आल्यापासून गेली होती. त्यांनी खिशातून ते मशीन काढलं.

"गाडी नंबर?"

"सायकल हाय जी."

"ते मले दिसून राहिलं. नंबर टाकल्याबिगर हे पुढं जात नाही." त्यांनी बोट दाबून पाहिलं, मशीन उन्हातून सावलीत नेलं, पुन्हा दाबलं. मशीनला सायकल माहीत नव्हती. ज्यांनी ते बनवलं त्यांच्या डोक्यातच ती आली नसावी.

तोवर बघे जमले. "सोडून द्या ना हवालदार साहेब," कुणीतरी म्हणालं.

"सोडतो कसा? वरून फोन हाय." नत्थुजींनी गाडीच्या डिकीतून जुनं पावतीपुस्तक काढलं, धूळ झटकली, कार्बन बसवला आणि एकदम दहा वर्षांनी तरुण झाल्यासारखे दिसायला लागले. नाव लिहिलं. वाहन: सायकल, शिडीसह. गुन्हा: रहदारीस अडथळा. मग पेन थांबलं.

"ठिकाण. हे ते मशीन आपोआप घेत होतं." त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "ह्या जाग्याले काय म्हंतेत रे?"

"मले काय मालूम जी. तुमी सरकार. तुमीच लिहा."

नत्थुजी विचार करून लिहू लागले. मोघम लिहिणं त्यांच्या अक्षराला शोभलं नसतं. लिहून झाल्यावर त्यांनी पावती फाडून दिली. संघपालने ती वाचली. मग पुन्हा वाचली. मग पैसे काढून दिले आणि हसला.

"हसून काहून राहिला बे?"

"नाई जी. अक्षर फार सुंदर हाय तुमचं. शिक्का तेवढा नीट मारा."

पावतीवर लिहिलं होतं: 'शाळेच्या फाटकासमोर, दुभाजकातील फट, पादचारी रोज रस्ता ओलांडतात ती जागा.'

संघपाल तिथून चौकीत गेला नाही. आधी माझ्याकडे आला, कारण पाढ्यांच्या वेळची सवय. "सर, हे बरोबर हाय का?" मी म्हटलं, संघपाल, आयुष्यात पहिल्यांदा सरकारने बरोबर लिहिलं आहे, आणि तेही चुकून. चल.

फौजदारांच्या काचेवर त्याने पावती ठेवली. "साहेब, तुमी म्हनले होते दुसरा सरकारी कागद आना."

फौजदारांनी वाचलं. मग जाईबाईचा कागद मागवला आणि दोन्ही शेजारी ठेवले. एक म्हणत होता, ती भलतीच जागा. दुसरा म्हणत होता, ओलांडायची रोजची जागा. शिक्का एकच.

"नत्थुजी!"

नत्थुजी आत आले.

"हे तुमचं अक्षर?"

"हो साहेब." अक्षराचा विषय निघाल्याने ते खूश दिसले.

"हे काय लिहून ठेवलं?"

"जे हाय तेच लिहिलं साहेब. लोकं तठूनच जाते. मीबी तठूनच जातो ना, चाय प्याले."

एका म्हातारीवर खोटा ठपका बसला, याचं फौजदारांना वाईट वाटत होतं असं समजण्याचं कारण नाही. एकाच चौकीचे दोन कागद एकमेकांना खोटं पाडत आहेत आणि त्यातला एक या पेंटरच्या खिशात आहे, एवढंच त्यांना कळत होतं. त्यांनी पट्टी घेतली, 'सदर महिला' पासून 'असल्याने' पर्यंत ओळ खोडली, बाजूला सही केली. आणि मोटारसायकल कुठल्या दिशेने येत होती, तेही खाली लिहिलं. ते त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

"आता ती पावती ठेवा इथं, काका."

"नाही जी. दंड भरला म्या. पावती माही हाय."

जाईबाईला पौर्णिमाने नवा कागद वाचून दाखवला. खोडलेल्या ओळीवर तिने बोट ठेवून पाहिलं. "अठी होती काय ती?" मग म्हणाली, "बरं झालं. आता लेकराईले सांगता येते." आणि संघपालला, "माहा पळा कुठी हाय? गंजू देला असशीन तं पाह्य."

पावतीची प्रत घेऊन आम्ही गजेंद्रकडेही गेलो होतो. त्याने मला खुर्ची दिली, चहा मागवला, पायाही पडला. अर्जावर आवकचा शिक्का मारून घेतला. "सर, पुढच्या आराखड्यात घेतो." पुढच्या महिन्यात त्याची बदली अकोल्याला झाली. अकोल्यात पायी चालणाऱ्यांची मला तेव्हापासून काळजी वाटते.

या मेमध्ये पुन्हा डांबर मऊ झालं. संघपालने मला मुद्दाम नेलं. साठ पावलांवर त्याचे पट्टे पहिल्या दिवसासारखे पांढरे होते. भिंतीला टेकलेले, कुणाचा पाय न लागलेले. फटीसमोर मात्र ती काळी पाऊलवाट होती तशीच होती. लहान चपला, मोठ्या चपला. आणि त्यांच्या मधून, दर दोन ठशांच्या बाजूला एक, रुपयाएवढे गोल खड्डे शाळेच्या फाटकापर्यंत गेलेले.

"हे काय रे?" मी विचारलं.

"काठी," संघपाल म्हणाला. "जाईबाईची." आणि खिशातून खडू काढून त्याने वाटेच्या दोन्ही कडा पुन्हा आखल्या.